इंग्रजी नामे आणि उपपदे कशी शिकवावीत: सांगली-साताऱ्यातील नव्या शिक्षकांसाठी

सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा या पट्ट्यात प्रौढांना किंवा महाविद्यालयीन मुलामुलींना इंग्रजी शिकवायला तुम्ही नुकतीच सुरुवात केली असेल, तर एक गोष्ट लवकरच तुमच्या लक्षात येईल. काळ, प्रश्न, नकार हे सारे विद्यार्थी सरावाने बऱ्यापैकी आत्मसात करतात. 'अ', 'ॲन' आणि 'द' ही तीन उपपदे मात्र चांगले इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही लेखनात चुकत राहतात. नर्सिंगच्या विद्यार्थिनीच्या अहवालात ती गळतात, द्राक्ष निर्यात करणाऱ्या बागायतदाराच्या ईमेलमध्ये नको तिथे येतात, आणि स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला सगळे नियम तोंडपाठ असले तरी निबंध लिहिताना त्यांतला एकही वेळेवर आठवत नाही. या भागात संध्याकाळचे वर्ग घेताना मला जो क्रम उपयोगी पडला, तो येथे मांडतो आहे.

तयार मार्गदर्शके बहुधा उपपदांच्या नियमांपासूनच सुरुवात करतात: नद्यांच्या नावांआधी 'द', वाद्यांच्या नावांआधी 'द', वगैरे. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. उपपद कोणते हे आधी नाम ठरवते, आणि मग ऐकणारा ठरवतो. नाम मोजता येण्याजोगे आहे का, ते एक आहे की अनेक, आणि आपण कशाबद्दल बोलतो आहोत हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की उपपद जवळजवळ आपोआप हाती येते. यांतल्या शेवटच्या प्रश्नाची जाण मराठी माणसाला लहानपणापासून असते. मराठीत उपपदे नसली तरी तो भेद मराठी दुसऱ्या साधनांनी दाखवतेच. म्हणून या विषयापुरता तरी वर्गात मराठीचा वापर टाळू नका.

एक सूचना: या लेखात इंग्रजी उदाहरणे देवनागरीत लिहिली आहेत. फळ्यावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.

लागणारे साहित्य

- मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या वस्तूंची एक पिशवी: द्राक्षे, बेदाणे, हळद, गूळ, तांदूळ, पेन, किल्ल्या, नाणी.
- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असलेला शब्दकोश, ज्यात नामापुढे 'सी' किंवा 'यू' अशी खूण असते. 'सी' म्हणजे मोजता येणारे, 'यू' म्हणजे न येणारे. ही खूण साध्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात बहुधा नसते, त्यामुळे वर्गात एक तरी असा शब्दकोश असावा.
- सांगली किंवा सातारा जिल्ह्याचा भिंतीवरचा नकाशा.
- प्रत्येक विद्यार्थ्याची एक वेगळी वही, फक्त नामांसाठी.

१. शिकवण्याआधी चुका गोळा करा

पहिल्या तासाला काहीही समजावू नका. 'काल दिवसभरात काय केले' यावर प्रत्येकाकडून इंग्रजीत आठ-दहा ओळी लिहून घ्या आणि घरी नेऊन त्यांतल्या नामांना खुणा करा. चुका मुख्यतः चार प्रकारच्या दिसतील: उपपद गाळलेले, जसे 'माय फादर इज फार्मर', नको तिथे घातलेले, जसे 'द नेचर इज ब्युटिफुल', 'अ' ऐवजी 'वन' वापरलेले, जसे 'आय सॉ वन स्नेक', आणि अनेकवचनाचा 'स' न लावलेला, जसे 'थ्री बुक'.

यांतली प्रत्येक चूक मराठीतून येते, आणि प्रत्येकीचे मूळ वेगळे आहे. कोणाकडून कोणती चूक जास्त होते याची नोंद ठेवा. महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून शिकवायला २००० साली सुरुवात झाली. त्याआधी शिकलेल्यांनी मराठी माध्यमात ती पाचवीपासून शिकलेली असते. प्रौढांच्या वर्गात हे दोन्ही गट शेजारी बसतात. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना नियम पाठ असतात पण बोलताना ते अडतात; तरुण बेधडक बोलतात पण उपपद गाळतात. दोघांनाही एकच स्वाध्याय देऊन भागत नाही.

२. सुरुवात मराठी वाक्यांपासून करा

फळ्यावर दोन मराठी वाक्ये लिहा.

आम्ही बैल शोधतो आहोत.
आम्ही बैलाला शोधतो आहोत.

आता विचारा, यांतल्या कोणत्या माणसाचा बैल हरवला आहे? ग्रामीण भागातला विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता सांगेल की दुसऱ्याचा. पहिल्याला बैल विकत घ्यायचा आहे. कोणता, हे अजून ठरलेले नाही. दुसऱ्याचा बैल ठरलेला आहे, तो फक्त सापडत नाही. इंग्रजीत पहिले वाक्य 'वी आर लुकिंग फॉर ॲन ऑक्स' असे होते आणि दुसरे 'वी आर लुकिंग फॉर द ऑक्स' असे. मराठीने जे काम 'ला' या प्रत्ययाकडून करून घेतले, तेच इंग्रजीने उपपदाकडून करून घेतले, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या कानांनी पटते. उपपद म्हणजे परीक्षेत गुण कापण्यासाठी केलेली तरतूद आहे, अशी जी भावना अनेकांच्या मनात असते, ती या दोन वाक्यांनी बरीचशी दूर होते.

याच तासात आणखी दोन खुणा दाखवा. 'एखादा', 'कुठला तरी', 'कोणी तरी' हे शब्द वाक्यात सहज बसत असतील तर इंग्रजीत बहुधा 'अ' येतो. 'तो', 'ती', 'ते' हे शब्द नामाआधी बसत असतील आणि ऐकणाऱ्याने 'कोणता?' असे विचारण्याची शक्यता नसेल, तर 'द' येतो. 'माणूस आलाय' आणि 'कोणी तरी माणूस आलाय' या वाक्यांतला फरक घरात सर्वांना कळतो. पहिल्यात ज्याची वाट पाहत होतो तो आला आहे.

येथे एक सापळा आहे. 'ला' प्रत्ययाची खूण माणसे आणि प्राणी यांच्यापुरतीच चालते. 'मी पुस्तक शोधतो आहे' या वाक्यावरून पुस्तक ठरलेले आहे की नाही हे कळत नाही, तिथे 'एखादे' की 'ते' हीच कसोटी लावावी लागते. विद्यार्थ्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते प्रत्येक कर्माला 'ला' लावून पाहू लागतात.

३. नामे मोजायला शिकवा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. उपपदांच्या निम्म्याहून अधिक चुका मला येथेच उगम पावताना दिसतात, कारण मोजता येणे ही गोष्ट वस्तूच्या रूपावर अवलंबून असते असे विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात ती भाषेच्या सवयीवर अवलंबून असते, आणि मराठीची सवय इंग्रजीपेक्षा अनेक ठिकाणी वेगळी आहे.

पिशवीतल्या वस्तू टेबलावर मांडा आणि प्रत्येकीसाठी आधी मराठीत वाक्य करायला सांगा. 'तांदूळ धुतले', 'पोहे भिजवले', 'गहू दळले', 'पैसे दिले', 'केस कापले' ही सारी मराठीत अनेकवचने आहेत. इंग्रजीत मात्र 'राइस', 'व्हीट', 'मनी' आणि डोक्यावरचे 'हेअर' यांना अनेकवचनाचा 'स' लागत नाही आणि त्यांच्यासोबत क्रियापद एकवचनी येते. म्हणून 'माय हेअर्स आर लाँग' किंवा 'द मनी आर इन द बॅग' अशी वाक्ये ऐकू येतात. याच्या अगदी उलट स्थिती बेदाण्याची. तासगावच्या बाजारात 'यंदा बेदाणा चांगला आहे' असे एकवचनात म्हणतात. इंग्रजीत मात्र 'रेझिन्स आर गुड धिस इयर' असे अनेकवचन करावे लागते. हळद दोन्ही भाषांत मोजली जात नाही, तिथे अडचण नाही.

यानंतर अमूर्त नामांकडे वळा आणि त्यांचे दोन गट करून दाखवा. पहिला गट मराठीशी जुळणारा: आपण 'माहित्या' म्हणत नाही, तसे इंग्रजीतही 'इन्फर्मेशन्स' होत नाही. 'सामान' दहा नगांचे असले तरी सामानच राहते, तसेच 'लगेज'. दुसरा गट मराठीशी न जुळणारा, आणि तोच धोक्याचा. आपण दोन सल्ले देतो, तीन बातम्या वाचतो, पण 'ॲडव्हाइस' आणि 'न्यूज' यांना ना 'अ' लागतो, ना अनेकवचन होते. 'न्यूज' शब्दाच्या शेवटी 'स' दिसतो म्हणून विद्यार्थी त्याला अनेकवचन समजतात. 'द न्यूज इज गुड' हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात बरेच दिवस राहू द्या. 'फर्निचर', 'मशिनरी', 'इक्विपमेंट', 'होमवर्क' हे शब्दही याच यादीत टाका.

न मोजता येणाऱ्या नामाचे माप सांगायचे असेल तर मापाला उपपद लागते: 'अ क्विंटल ऑफ टर्मरिक', 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'अ ग्लास ऑफ वॉटर'. मार्केट यार्डात काम करणाऱ्यांना हे लगेच उमगते, कारण तिथे मालाचा उल्लेख पोत्यांनी आणि क्विंटलांनीच होतो.

मिरजेत नर्सिंगचे विद्यार्थी असतील तर आजारांच्या नावांना अर्धा तास अवश्य द्या. 'अ कोल्ड', 'अ कफ', 'अ हेडेक', 'ॲन इन्फेक्शन' या किरकोळ तक्रारी किंवा एकेक प्रसंग म्हणून मोजल्या जातात. 'मलेरिया', 'डायबेटीस', 'कॅन्सर' ही रोगांची नावे बिनउपपदाची राहतात. 'द पेशंट हॅज डायबेटीस' आणि 'द पेशंट हॅज अ हेडेक' ही वाक्ये त्यांना रोज लिहावी लागतात, त्यामुळे शिकवलेले दुसऱ्या दिवशी लगेच कामाला येते.

काही नामे दोन्ही बाजूंना जातात. 'ग्लास' म्हणजे काच असेल तर मोजता येत नाही, पेला असेल तर येतो. 'पेपर' म्हणजे कागद मोजता येत नाही, वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका येते. 'शुगरकेन' पिकाच्या अर्थाने बिनउपपदाचे असते: 'वी ग्रो शुगरकेन'. असा शब्द आला की विद्यार्थ्याने शब्दकोश उघडून खूण पाहावी आणि नामांच्या वहीत शब्दापुढे ती खूण लिहावी. 'हा शब्द मोजता येतो का?' या प्रश्नापेक्षा 'या वाक्यात हा शब्द मोजला आहे का?' हा प्रश्न विचारण्याची सवय लावा.

४. एक की अनेक

मराठीत व्यंजनान्त पुल्लिंगी नामांचे अनेकवचन दिसत नाही. एक दगड, दहा दगड. एक मित्र, चार मित्र. इंग्रजीतून आलेल्या शब्दांचेही आपण बहुधा तसेच करतो: दोन पेन, तीन मोबाईल, चार ट्रॅक्टर. साहजिकच 'फोर ट्रॅक्टर' असे बोलले जाते आणि त्यात काही चुकले असे कानाला वाटत नाही.

यावर एक मराठी उपाय आहे, आणि तो शिकवायला सोपा आहे. नामाचे सामान्यरूप करून पाहायला सांगा. 'मित्र' या रूपात वचन लपते, पण 'मित्राला' आणि 'मित्रांना' या रूपांत ते उघड होते. 'ना' लागत असेल तर इंग्रजीत 'स' लागणार. 'वन ऑफ माय फ्रेंड' ही आपल्याकडे सर्रास होणारी चूक याच मार्गाने सुटते: मराठीत आपण 'माझ्या मित्रापैकी एक' म्हणत नाही, 'मित्रांपैकी एक' म्हणतो, म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स'.

मग या लेखातला सर्वांत महत्त्वाचा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: मोजता येणारे एकवचनी सामान्यनाम इंग्रजीत एकटे उभे राहत नाही. त्याच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस', 'एव्हरी' यांपैकी काही तरी लागतेच. याला मोजके अपवाद आहेत, ते नवव्या पायरीत येतील. एवढा एक नियम अंगवळणी पडला तरी लेखनात मोठा फरक पडतो, कारण तो पाळण्यासाठी 'अ' की 'द' हे ठरवण्याचीही गरज नसते. काही तरी राहिले आहे एवढे विद्यार्थ्याला कळले, की तो थांबून विचार करतो.

त्या जागेवर एकच शब्द मावतो हेही येथेच सांगा. मराठीत 'ते माझे पुस्तक कुठे आहे?' हे अगदी नैसर्गिक आहे, म्हणून 'दॅट माय बुक' किंवा 'द माय बुक' असे लिहिले जाते. 'माय' आले की 'द' आणि 'दॅट' दोघेही जातात.

५. 'अ' आणि 'ॲन': देवनागरीची मदत घ्या

रोमन लिपीतला पहिला स्वर पाहायचा की उच्चारातला, हा घोळ देवनागरी वाचणाऱ्यांना होण्याचे काही कारण नाही. शब्द जसा उच्चारला जातो तसा देवनागरीत लिहा. पहिले अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. 'अवर' आणि 'ऑनेस्ट' स्वराने सुरू होतात, म्हणून 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट ऑफिसर'. 'युनिव्हर्सिटी' आणि 'युरोपियन' यांत पहिला 'य' आहे, 'वन-वे' मध्ये 'व' आहे, म्हणून तिथे 'अ'. उमेदवारांसाठी सर्वांत उपयुक्त जोडी ही: 'ॲन एमपीएससी एक्झाम', पण 'अ यूपीएससी एक्झाम'. तसेच 'ॲन एफआयआर', पण 'अ यूपीआय पेमेंट'.

सापळा आपल्या बोलीत आहे. या भागात 'एसटी' चा उच्चार पुष्कळदा 'येष्टी' होतो आणि 'एमए' चा 'यम्मे'. तो उच्चार धरून कसोटी लावली तर उत्तर 'अ' येते आणि चुकते. विद्यार्थ्याच्या बोलीला नावे ठेवू नका. कसोटीपुरता प्रमाण उच्चार लिहून घ्या म्हणजे झाले.

'अ' चा उच्चार हलका, पुढच्या शब्दाला जोडून करवून घ्या. शाळेत 'ए बुक' असा ठासून उच्चार करण्याची सवय लागलेली असते, त्यामुळे वाक्य तुटक होते. 'द' स्वरापूर्वी 'दि' असा होतो: 'दि ऑक्स'. लिहिताना काहीच बदलत नाही.

'वन' ची चूकही या पायरीत सोडवा. मराठीतला 'एक' दोन कामे करतो: संख्या सांगतो आणि 'कोणी एक' असेही सुचवतो. 'एक माणूस भेटला' यातला 'एक' म्हणजे 'अ'. 'दोन नकोत, एकच दे' यातला 'एक' म्हणजे 'वन'. 'एकच' म्हणता येत असेल तरच 'वन' वापरावे. आणि व्यवसाय सांगताना मराठीत काहीच येत नाही, 'ती परिचारिका आहे' एवढेच पुरते. इंग्रजीत 'शी इज अ नर्स' असे म्हणावेच लागते.

६. 'द': ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का?

आता गाभ्याचा भाग. 'द' हा इंग्रजीतला सर्वाधिक वापरला जाणारा शब्द आहे, आणि त्याच्या मुळाशी एकच विचार आहे: मी कशाबद्दल बोलतो आहे हे ऐकणारा ओळखू शकतो, असे बोलणाऱ्याने गृहीत धरलेले असते.

सांगलीत हे समजावण्यासाठी मला महापुराचे उदाहरण सर्वांत योग्य वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले, आणि वर्गातल्या बहुतेकांकडे त्याबद्दल सांगण्यासारखे काही तरी असते. सांगलीकर सांगलीकराशी बोलताना 'ड्युरिंग द फ्लड वी स्टेड विथ अवर रिलेटिव्हज' असे म्हणेल. कोणता पूर हे सांगावे लागत नाही. तोच माणूस परदेशातल्या ग्राहकाला लिहील तेव्हा मात्र 'देअर वॉज अ फ्लड इन सांगली इन २०१९' अशी सुरुवात करावी लागेल, आणि मग पुढच्या वाक्यापासून 'द फ्लड' म्हणता येईल. आणखी एक पाऊल पुढे जा. २००५ चा पूरही ज्यांनी पाहिला आहे अशा माणसाशी बोलताना नुसते 'द फ्लड' पुरते का? पुरत नाही, 'द फ्लड ऑफ २०१९' असे स्पष्ट करावे लागते. नाम तेच, घटना तीच. ऐकणारा बदलला की उपपद आणि त्याच्या मागचे शब्द बदलतात. विद्यार्थ्यांना आपापला अनुभव दोनदा लिहायला सांगा, एकदा शेजाऱ्यासाठी आणि एकदा अनोळखी परदेशी व्यक्तीसाठी. रिकाम्या जागा भरण्याच्या स्वाध्यायांवर माझा फारसा विश्वास नाही, कारण त्यांत ऐकणारा कोण हेच ठाऊक नसते. या लेखनात तो समोर असतो. ज्या घरांचे मोठे नुकसान झाले त्या घरातील विद्यार्थ्याला हा विषय नको असेल, तर गावची जत्रा किंवा लग्न हा विषय द्या.

'द' येण्याची कारणे नंतर एका छोट्या उताऱ्यात एकत्र दाखवता येतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव यांच्यावरील हा उतारा मी वापरतो:

'खाशाबा जाधव वॉज अ रेसलर. ही केम फ्रॉम गोळेश्वर, अ व्हिलेज निअर कराड. इन १९५२ ही वॉन अ मेडल ॲट द हेलसिंकी ऑलिंपिक्स. द मेडल वॉज ब्रॉन्झ. ही वॉज द फर्स्ट पर्सन फ्रॉम इंडिपेंडंट इंडिया टू विन ॲन इंडिव्हिज्युअल ऑलिंपिक मेडल.'

प्रत्येक नामाखाली रेघ मारून कारण विचारा. 'अ रेसलर' कारण व्यवसाय. 'गोळेश्वर' बिनउपपदाचे कारण विशेषनाम. 'अ मेडल' कारण ते पदक वाचकापुढे प्रथमच येते, आणि 'द मेडल' कारण आता ते ओळखीचे झाले. 'द फर्स्ट' कारण पहिला एकच असतो. याच न्यायाने 'यशवंतराव चव्हाण वॉज द फर्स्ट चीफ मिनिस्टर ऑफ महाराष्ट्र'. 'द बेस्ट', 'द ओन्ली', 'द सन' यांचेही कारण हेच. 'क्लोज द डोअर' म्हणताना दार पूर्वी उल्लेखलेले नसते, पण खोलीत दार कोणते ते सगळ्यांना दिसत असते. कारणे वेगवेगळी पाठ करवून घेऊ नका. प्रत्येक वेळी 'ऐकणाऱ्याला कोणते ते कसे कळले?' एवढेच विचारा.

सापळा: 'दुसऱ्यांदा आले की द' हा नियम पुष्कळ वर्गांत एकट्यानेच शिकवला जातो. मग विद्यार्थी 'माय ब्रदर इज अ टीचर. माय सिस्टर इज ऑल्सो द टीचर' असे लिहितो. शब्द दुसऱ्यांदा आला, पण शिक्षक तोच नाही. पुन्हा तीच वस्तू आली आहे का, हे पाहावे.

७. उपपद नको तेव्हा

सर्वसाधारण विधानात अनेकवचनी आणि न मोजता येणाऱ्या नामांना उपपद लागत नाही. हे इंग्रजीतून समजावणे कठीण, मराठीतून मात्र सोपे, कारण मराठीत 'आहे' आणि 'असते' ही दोन क्रियापदे आपले काम वाटून घेतात.

'द्राक्षे गोड असतात' हे जगभरातल्या द्राक्षांबद्दलचे विधान आहे: 'ग्रेप्स आर स्वीट'. 'द्राक्षे गोड आहेत' हे समोरच्या पेटीतल्या द्राक्षांबद्दल आहे: 'द ग्रेप्स आर स्वीट'. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' या म्हणीतला कोल्हा ज्या घडाकडे पाहून बोलतो, त्या द्राक्षांना 'द' लागेल. निर्यातदारांना ही जोडी विशेष आवर्जून द्या. 'वी एक्स्पोर्ट ग्रेप्स' हा व्यवसाय झाला, 'वी हॅव सेंट द ग्रेप्स' हा पाठवलेला माल झाला. पत्रात या दोन वाक्यांची गल्लत झाली तर ग्राहकाला माल निघाला की नाही हेच कळत नाही.

'असतो, असते, असतात' जिथे बसते तिथे उपपद वगळून पाहा, असे सांगा. 'निसर्ग सुंदर असतो', म्हणून 'नेचर इज ब्युटिफुल'. 'आयुष्य अवघड असते', म्हणून 'लाइफ इज डिफिकल्ट'. मोजता येणाऱ्या एकवचनी नामाला मात्र ही सवलत नाही, तिथे चौथ्या पायरीतला नियम कायम राहतो. सोपा मार्ग म्हणजे तिथे अनेकवचन करून घ्यावे, 'डॉग्स आर फेथफुल'.

८. विशेषनामे: जिल्ह्याचा नकाशा पुरेसा आहे

नकाशा लावा आणि बोट ठेवत जा. नद्यांना 'द': 'द कृष्णा', 'द कोयना', 'द वारणा'. डोंगररांगांना 'द': 'द सह्याद्रीज', 'द वेस्टर्न घाट्स'. पठाराला 'द': 'द कास प्लेटो'. गावे, शहरे, किल्ले यांना काही नाही: वाई, कराड, अजिंक्यतारा, प्रतापगड. तळ्यांनाही नाही: 'वेण्णा लेक'. देशांना सहसा नाही, 'द यूएसए' आणि 'द यूके' हे अपवाद आहेत. भाषेच्या नावाला नाही, पण 'लँग्वेज' शब्द जोडला तर 'द मराठी लँग्वेज'.

वाद्यांसाठी मिरजेहून चांगले उदाहरण मिळणार नाही. सतार वाजवणारी 'प्लेज द सितार', पण सतारी बनवणारा कारागीर 'मेक्स सितार्स'. वाद्यांना 'द' लागतो असा नियम पाठ केलेला विद्यार्थी दुसऱ्या वाक्यातही 'द' घालतो. सातव्या पायरीची आठवण करून द्या.

९. ठरलेले शब्दप्रयोग

'बाय बस', 'ॲट होम', 'गो टू स्कूल', 'ॲट नाइट' हे जसेच्या तसे शिकवा, कारणमीमांसेत वेळ घालवू नका. एकच फरक समजावण्याजोगा आहे. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत रुग्ण 'इन हॉस्पिटल' असतो, आणि त्याला भेटायला आलेला नातेवाईक 'इन द हॉस्पिटल' असतो. अमेरिकी इंग्रजीत दोघांसाठी 'इन द हॉस्पिटल' म्हणतात. परदेशी नोकरीसाठी तयारी करणाऱ्या परिचारिकांना दोन्ही ठाऊक असावे.

१०. वह्या कशा तपासाव्यात

सगळ्या चुका एकदम लाल करू नका. एका आठवड्यात एकच प्रकार तपासा, आणि तो कोणता हे विद्यार्थ्याला आधी सांगा. उपपदाच्या जागी बरोबर शब्द लिहून देण्याऐवजी नामाखाली रेघ मारा आणि समासात प्रश्नाचा क्रमांक लिहा. प्रश्न चार, आणि ते प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेले असावेत: एक, हे विशेषनाम आहे का? दोन, या वाक्यात ते मोजले आहे का? तीन, एक की अनेक? चार, वाचणाऱ्याला कोणते ते ठाऊक आहे का? समासात '२' दिसला की विद्यार्थी शब्दकोश उघडतो, '४' दिसला की वाचणारा कोण याचा विचार करतो.

बोलताना चूक झाली तर मध्येच अडवू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या आणि 'कोणता?' एवढेच विचारा. 'आय बॉट फोन' म्हणणारा विद्यार्थी बहुतेक वेळा स्वतःच 'अ फोन' असे दुरुस्त करतो.

'द रिच', 'द पुअर', 'द टायगर इज ॲन एंडेंजर्ड ॲनिमल' अशा रचना पहिल्या सत्रात आणू नका. पहिल्या नऊ पायऱ्या लेखनात स्थिर झाल्या, की मग इंग्रजी वर्तमानपत्राचे एक कात्रण द्या, त्यातली सर्व उपपदे आधीच खोडून ठेवा, आणि जोडीजोडीने ती परत घालायला लावा. जिथे दोन जोड्यांची उत्तरे वेगळी येतील तिथे मूळ कात्रण लगेच दाखवू नका. दोघांनाही आपापले कारण मराठीत सांगू द्या. काही ठिकाणी दोन्ही उत्तरे बरोबर असतात, फक्त वाचणारा वेगळा धरलेला असतो, आणि तसे असेल तर दोन्हींना पूर्ण गुण द्या.